रोझी चावेना

"चावली काय गो?"

"नाय."

"मुंगीएवढीपण?"

"नाय म्हटलंय ना! तोंड बंद ठेव आणि दोरी वढ."

मी पुन्हा दोरी ओढली. मशीनने पोटातल्या पोटात घुर्र केलं आणि गप्प झाली. इजामाय एका हाताच्या चिमटीत वायरीचं उघडं टोक धरून, दुसरा पंजा इंजिनावर ठेवून, डोळे मिटून बसली होती. रविवारी प्रार्थनेलासुद्धा ती इतकी मन लावून बसत नसे. भोवती सगुण घाडीच्या अंगणात अख्खी वाडी गोळा झाली होती. वाडीत माणसं तीनशे, अंगणात मी मोजली असती तर चारशे भरली असती. अंगणाच्या कडेला मोडून पडलेल्या गोठ्यावर भला थोरला आंबा आडवा झाला होता आणि त्याच्याखालून सगुणची गाभण म्हैस कावेरी रेकत होती.

"चावली नाय," इजामायने डोळे उघडले. "पिलगाक करंटच येत नाय."

तुम्हाला हे चावण्याचं प्रकरण सांगायला हवं. इजाबेल डिसोजा, आमची इजामाय, खाडीवरच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची. नवरा पास्कू गेल्यावर त्याचा पान्ह्यांचा डबा तिने उचलला आणि वर्षभरात त्याच्यापेक्षा चार गिऱ्हाइकं जास्त केली. हे मी नव्हे, तीच सांगायची, विचारा अथवा न विचारा. इंजिनाला करंट येतो की नाही हे बघायला तिच्याकडे यंत्रबिंत्र नव्हतं. ती वायर हातात धरायची आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगायची. करंट आला की चावायचा. किती चावला यावरून ती निदान करी. मुंगी चावली तर कॉईल म्हातारी झाली. गांधील चावली तर साफसफाई पुरे. विंचू चावला तर इंजिन समुद्रात न्यायला हरकत नाही. आणि नागीण चावली तर ते इंजिन घेऊन थेट अरबस्तानात जावं. वीस वर्षं चावून घेतल्यामुळे तिचा डावा हात अंधारात उजेड पाडतो, अशी एक गोष्ट मी माझ्या हॉटेलात पसरवली होती. हॉटेल म्हणजे तिच्या दुकानाला लागून दोन बाकं, एक स्टो आणि मी.

तर ही मशीन. झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. तेव्हा तालुक्यात तशी दुसरी नव्हती. कुणा लाकूड ठेकेदाराने मोडीत काढून तिच्या दुकानात टाकली आणि तो परत आलाच नाही. इजामायने ती सगळी उघडली. पिस्टन घासला, साखळीचे दात पाजळले, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. मग आम्ही किनाऱ्यावरची माणसं जे करतो ते केलं. रंग! आमच्याकडे नवरीला हळद एखादं बोट कमी लावतील, पण लोखंडाला रंग दोन हात जास्त. खारा वारा उघडं लोखंड पापडासारखं खातो. इजामाय होड्यांना ज्या डब्यातला निळा ऑइलपेंट लावायची त्याच डब्यातला रंग मशीनला चढला, वर पिवळी पट्टी आली आणि पुढे पांढऱ्या अक्षरात नाव आलं, 'रोझी'.

"शनिवारी सुरू करतलंय," तिने बंदरावर जाहीर केलं होतं. "सगळ्यांनी येवा. लाकूड घेवन येवा. लोण्यासारखा कापून दितंय."

तेव्हा सगुण घाडी बंदरावरच होता. त्याला इजामायचं वावडं. तो म्हणाला, "बायलमाणसान मशीन उघडल्यान तर मशीनीत बिघाड होणा नाय. मशीनच बिघडता."

इजामाय म्हणाली, "तुझ्या पाण्याच्या पंपाक कोणी हात लावल्यान? पुरुषान ना? मगे तो पाणी सोडून धूर कित्याक वढता?"

लोक हसले. सगुण धोतर आवरून चालता झाला, आणि तेव्हापासून त्याने तिच्या दुकानावरून जायचंच सोडलं. बाजारात जायला तो खाडीकाठून लांबचा फेरा घालायचा.

शनिवार उजाडायच्या आतच, गुरुवारी भर दुपारी, सगुणचा आंबा पडला. वारा नाही, पाऊस नाही, पानसुद्धा हलत नव्हतं. उभं राहून कंटाळला आणि आडवा झाला, असं मी तरी सांगतो. त्या आंब्याची सगुणला भारी ऐट. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर बुंध्यावर मूठ आपटून म्हणायचा, "लोखंड असा, लोखंड!" ते लोखंड गोठ्यावर आलं. कौलं फुटली, वासे मोडले, एक भिंत पूर्ण बसली. दुसरी भिंत कमरेइतकी शिल्लक होती आणि बुंधा तिच्यावर टेकला होता. कावेरी नेमकी त्या भिंतीच्या आणि जमिनीच्या बेचक्यात सापडली. बुंध्याने तिला चिरडली नव्हती, पण एक फांदी, माझ्या कमरेएवढी जाड, तिच्या पाठीवर आडवी येऊन बसली होती. ती फांदी हलल्याशिवाय म्हैस उठू शकत नव्हती.

सगुणच्या भावकीतल्या दोघांनी कुऱ्हाडी आणल्या. पहिला घाव पडला मात्र, आणि बुंधा ज्या भिंतीवर टेकला होता तिचे दोन चिरे सरकून खाली आले. बुंधा वीतभर खाली बसला. कावेरी अशी ओरडली की खाडीपलीकडच्या बगळ्यांनी गाव बदललं.

"थांबा रे! घाव नको!" सगुण मध्ये पडला. "हादरो बसलो तर भिंत जातली!"

कुऱ्हाड चालत नव्हती. दोघांनी ओढायची मोठी करवत आणली, तर फांदीच्या पलीकडे उभं राहायला जागा नव्हती, तिथे पडलेली भिंत. एकट्याची करवत चालवायला त्या बेचक्यात कोपर मागे घेता येत नव्हतं. तालुक्याहून क्रेन आणावी तर आमच्या पाणंदीतून बैलगाडी जायची मारामार. सगुण कौलांच्या ढिगाऱ्यावर उकिडवा बसला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सकाळी उठल्यावर तो पहिला शब्द बोलायचा तो कावेरीशी, आणि गावाशी बोललेल्या शब्दांपेक्षा ते शब्द गोड असत. हे मला ठाऊक होतं, कारण दूध आणायला मीच जायचो.

मी पळत इजामायकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेणा बोलावल्यान?"

"नाय."

"मगे?"

"म्हैस बोलावता," मी म्हणालो.

तिने रोझीला खांद्यावर घातलं.

आणि आता रोझी चावत नव्हती.

"वगी रवा सगळ्यांनी, आवाज नको," इजामाय म्हणाली. "पेट्रोल पोचता, पिलग ओलो झालोहा. म्हणजे पोटाक अन्न असा, उजेड नाय." तिने दुसरा प्लग लावला. तो इंजिनाला टेकवून मी दोरी ओढली. ठिणगी पडते की नाही हे त्या उन्हात दिसेना, तेव्हा सगुणच्या ओटीवरची घोंगडी आणून ती आमच्या दोघांच्या डोक्यावरून घेतली. घोंगडीखाली पेट्रोल, घाम आणि सगुणच्या तंबाखूचा असा काही वास कोंडला होता की ठिणगी पडली असती तर आम्हीच पेटलो असतो. पडली नाही.

"पिलग बरो असा. बाधा पाठी असा," म्हणत तिने घोंगडी फेकली आणि बाजूचं झाकण उघडलं.

आत एक चक्र होतं, त्यावर लोहचुंबक, आणि चक्राला लागून कॉईल. चक्र फिरलं की चुंबक कॉईलच्या समोरून जातो आणि करंट तयार होतो, एवढं मला तिच्या शेजारी चहा विकून विकून कळलं होतं. तिने एक खिळा चुंबकाजवळ नेला. खिळा टाचणीसारखा चिकटला.

"चुंबक जिता असा." मग तिने हाक मारली, "पोस्टकार्ड असा काय कोणाकडे?"

"आता पत्र कोणाक लिवतंस?" गर्दीतून कोणी तरी विचारलं.

"तुझ्या सासऱ्याक! जावय केलास तो बघान केलास काय म्हणान!"

कार्ड आलं. तिने ते चुंबक आणि कॉईल यांच्यामध्ये घालून पाहिलं. कार्ड अलगद सरकलं. एवढी फट बरोबर, त्याहून जास्त असली तर करंट उडी मारत नाही. इथेही खोट नाही. एवढ्यात तिची नजर झाकणाच्या कडेवर गेली आणि ती ओरडली, "हां! ह्या बघ!"

मशीन बंद करायचं बटण असतं, त्याची एक बारीक वायर आतून जाते. झाकण बसवताना ती झाकणाच्या कडेखाली चेपली होती. वरचं रबर फाटून तांबं उघडं पडलं होतं आणि इंजिनाच्या अंगाला टेकलं होतं.

"बटण दाबला की काय होता?" तिने सगळ्यांना शाळेतल्यासारखं विचारलं. "करंट पिलगाकडे जायच्या आधीच इंजिनाच्या अंगात मुरता. हयसर बटण न दाबताच मुरता होतो! सगुणा, आता बघ."

सगुणने मान वर केली. तेवढीच. पण त्या दिवशी तिच्याकडे त्याने पाहिलं ते पहिलंच.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा वायरीवर गुंडाळला. दोरी ओढली. चावली नाही. मग तिने वैतागून वायरच काढून टाकली.

"अगो, बंद करूचा बटणच काढलंस," मी म्हणालो, "मगे बंद कशी करतलंस?"

"आधी चालू होवंदे मेल्या!"

पुन्हा दोरी. पुन्हा घुर्र. काही नाही.

आता लोक हसले. शनिवारी लोणी कापणार होती ती रोझी गुरुवारी उंदीरसुद्धा कापेना. कोणी तरी म्हणालं, "नाव बदल गो तिचा. रोझीक राग आलोहा." दुसरा म्हणाला, "होडीचो रंग लावलंस, खाडीत सोडून बघ, पवतली तरी." इजामायच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिच्या तोंडून, मी साक्षी आहे, एकही उलट शब्द आला नाही. इंजिनासमोर गप्प बसलेली इजामाय मी प्रथमच पाहत होतो, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

त्या क्षणी गोठ्यात आणखी एक चिरा सुटला. कावेरी या वेळी ओरडली नाही. तिने नुसता मोठ्याने श्वास सोडला, आणि तो श्वास सगळ्या अंगणाने ऐकला.

सगुण उठला. "कुऱ्हाडी घ्या रे," तो म्हणाला. "जायत ता जायत. तशीपण दबान मरतली."

"सगुणा," इजामाय म्हणाली, "दहा वेळा दोरी वढूक दी. अकराव्या वेळेक तुझी कुऱ्हाड."

"तुझा झाला वढून."

"मगे तू वढ."

सगुण ढिगाऱ्यावरून उतरला. मग पुढे आला आणि दोरी हातात घेतली. त्याच्या हातात राग होता, त्यामुळे दोरीला बरी ओढ आली. इजामायने वायर धरली. मला म्हणाली, "गजा, स्क्रू सैल असतलो, कॉईल हलतासा वाटता. पेचकस लावन दाबून धर."

मी पेचकस कॉईलच्या पायाशी घातला आणि जोर दिला. पेचकस घसरून आतल्या लोखंडात रुतला. सगुणने दोरी ओढली.

"आवशीक खाव!"

इजामाय उडाली ती थेट माझ्या मांडीवर. केसांचा अंबाडा सुटला, हातातली वायर कौलांवर जाऊन पडली. "नागीण!" ती ओरडली. "नागीण चावली रे! खरी नागीण!" मी तर सांगतो की तिच्या कानातल्या कुड्यांतून ठिणग्या निघाल्या. निदान एका कानातून तरी निघाल्या, दुसरा कान माझ्या बाजूला नव्हता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही पेचकस खाली टाकून वाजवल्या. तिने पुन्हा वायर धरली, सगुणने दोरी ओढली. काही नाही.

टाळ्या बंद.

"गजा," ती हळू आवाजात म्हणाली, "तू काय केलंस?"

"मी काय करतलंय? टाळये वाजवलंय."

"तेच्या आधी खंय होतंस?"

"पेचकस धरून होतंय."

"थंयच धर. तसोच."

मी धरला. सगुणने ओढली. ती पुन्हा उडाली. "काढ." काढला. ओढली. काही नाही. "धर." ती उडाली. "काढ." काही नाही. आता लोक हसत नव्हते. एक बाई स्वतःहून साप अंगावर सोडून घेते, तो कुठल्या बिळातून येतो हे बघायला, आणि पुन्हा हात पुढे करते, हे असं कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिने डोळे मिटले नाहीत. ती माझ्या पेचकसाच्या टोकाकडे बघत राहिली. टोक एकीकडे कॉईलच्या पायाला टेकलं होतं आणि दुसरीकडे इंजिनाच्या आतल्या अंगात एक बारीक ओरखडा काढून बसलं होतं.

तिने कॉईल सोडवून वर उचलली. जिथे कॉईल बसते त्या जागेवर अंगठ्याचं नख घासलं. नखात निळा रंग आला.

बराच वेळ ती त्या नखाकडे बघत होती. बराच म्हणजे कावेरीचे दोन श्वास.

मला उमगलं. रंग. तिने उघडं लोखंड म्हणून आतही दोन हात फिरवले होते. कॉईलच्या बैठकीवर, स्क्रूच्या भोकांत, सगळीकडे. फक्त इंजिनाला गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पाख्या तेवढ्या सोडल्या होत्या, कारण त्या तापून रंग जळतो. एवढा जाड रंग की कॉईल लोखंडाला टेकतच नव्हती. करंटला जायला वायर होती, पण परत यायला वाटच उरली नव्हती, आणि परतीची वाट नसेल तर तो निघतच नाही. माझ्या पेचकसाने रंग ओरखडला, तेवढ्यापुरती ती वाट झाली होती.

सगुण दोरीचं टोक धरून आमच्यावर वाकला होता, पण त्याला यातलं काही कळलं नव्हतं. मी इजामायच्या कानाशी लागलो. माझा तो धंदाच. "गुपचूप खरवड," म्हटलं. "स्क्रू सैल होतो म्हणान सांगुया. कोणाक कळूचा नाय. मी असा रंगवन सांगतंय की—"

"तुझ्या रंगवण्याक आग लागो," ती म्हणाली आणि उठून उभी राहिली.

मोडलेल्या गोठ्यासमोर, सगळ्या वाडीसमोर, केस मोकळे सुटलेले, नखात निळा रंग. तो अंगठा वर करून ती जी ओरडली ते होड्यांवरच्या माणसांनासुद्धा ऐकू गेलं असेल.

"आयका रे सगळ्यांनी! चूक माझी असा! मशीनीची नाय! उघडा लोखंड बघलंय आणि गाढवासारखो आतसून रंग मारलंय! करंटाची परतूची वाट मिया बुजवलंय! मिया, इजाबेल पास्कू डिसोजा! आता हसा, आणि हसान झाला की कोणी तरी धारवाली सुरी द्या!"

कोणी हसलं नाही. सुरीच्या जागी सगुण पुढे झाला. त्याने कमरेचा कोयता काढून तिच्या हातात दिला.

तिने ती बैठक खरवडली, चांदीसारखी चकचकीत होईपर्यंत. स्क्रूची भोकं टोकरून काढली. कॉईल बसवली, पोस्टकार्ड घालून फट मोजली, स्क्रू आवळले. "वढ," म्हणाली. सगुणने ओढली. नागीण चावली. या खेपेला ती ओरडली नाही की उडाली नाही, नुसती दातावर दात ठेवून हसली. प्लग जागेवर गेला, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण झाली, आणि पुढच्या दोरीला रोझी अशी भडकली की गर्दीने आपोआप वीस पावलं मागे जाऊन तिला मान दिला.

खरी अडचण आता होती. फांदी म्हशीच्या पाठीवर. करवत फांदीत शिरणार, आणि पाठीपासून चार बोटांवर थांबायला हवी. त्या आवाजाने कावेरी बिथरली, एकदा जरी उसळली, तरी साखळी कुठे शिरेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. इजामाय पोटावर झोपून ढिगाऱ्यात सरकली आणि थबकली. तिचा हात कापत होता. इतक्या वेळा चावून घेतलेला हात, कापणारच.

सगुणने धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि पलीकडच्या बाजूने, बुंध्याखाली, रांगत आत शिरला.

"सगुणा! खंय जातंस? करवत थंयच चलतली!" इजामाय मशीनच्या आवाजावर ओरडली.

"तिची मान धरतंय! माझा आयकता ती!"

"तुझी मान खंय ठेवतंस ता सांग!"

"तिच्या मानेर! तू काप!"

त्याने कावेरीच्या गळ्यात दोन्ही हात घातले, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि काहीबाही बोलू लागला. काय बोलला ते मशीनमुळे ऐकू आलं नाही. त्याच्या टकलापासून साखळीपर्यंतचं अंतर मी पाहिलं. हातभर असेल. माझ्या गोष्टींत मी अंतरं कमी करून सांगतो, हे तेव्हा होतं तेवढंच सांगितलं.

इजामायचा हात कापायचा थांबला.

साखळी फांदीत शिरली. भुसा उडाला, पिवळा नव्हे, काळपट, आणि त्यासोबत मुंग्यांचा लोंढा. फांदीचा गाभा आतून पोकळ. सगळी वाडी मुंग्या बघत होती आणि म्हशीच्या कानाशी लागलेल्या सगुणने त्या मुंग्या तोंडावर आल्या तरी त्यांच्याकडे बघितलं नाही. लोखंड, लोखंड! इजामायने खालून थोडं कापलं, मग वरून, साखळी फांदीत चिमटू नये म्हणून. शेवटची चार बोटं राहिली तेव्हा तिने ओरडून सांगितलं, "सगुणा, पडता हां! माझ्या बाजूक पडता!" आणि फांदी तिने सांगितलं तशी, तिच्या बाजूला, तिच्या कोपराला घासून पडली.

मागोमाग भिंत गेली. धुरळा उसळला, काही दिसेना. मग धुरळ्यातून आधी दोन शिंगं आली. मग कावेरी. मग तिच्या गळ्याला लोंबकळलेला सगुण, मुंग्यांनी काळा झालेला, आणि शिंगावर त्याचं अर्धं धोतर. बुंधा मागे धाडकन जमिनीवर बसला. कावेरी अंगण ओलांडून, गर्दी फाडून, तुळशीवृंदावनाला वळसा घालून परसात गेली आणि तिथे जी उभी राहिली ती हिरवा चारा समोर आला तरी संध्याकाळपर्यंत हलली नाही.

अंगणात रोझी मात्र चालूच. बंद करायचं बटण काढलेलं. ढिगाऱ्यातून सरपटत बाहेर आलेली इजामाय मध्यभागी ती मशीन दोन्ही हातांनी लांब धरून उभी, आणि जिकडे ती वळेल तिकडची माणसं पळत होती. शेवटी पेट्रोल संपलं तेव्हा शांतता झाली. त्या शांततेत ती म्हणाली, "बघलात? लोण्यासारखा."

कावेरीला पुढे रेडी झाली. तिच्या कपाळावर निळा ठिपका होता असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. पण बाकीचं खरं. आणि हेही खरं की दुसऱ्या दिवसापासून इजामायने रंगाची गोष्टही बढाईत धरली. दुकानात येईल त्याला सांगायची, "अशी चूक करूकपण डोक्या लागता. इतक्या बारकाईन रंग मारूक तालुक्यात दुसऱ्याक जमूचो नाय."

सगुण माझ्या हॉटेलात आला तो आठवड्याने. लांबचा फेरा न घेता सरळ दुकानावरून आला. बाकावर बसला, चहा बशीत ओतला. मी कधीपासून मनात घोळत असलेलं विचारून टाकलं.

"सगुणदादा, तू तिच्या हातचा पाणी घेणारो नाय. थेट तिच्या करवतीखाली मान घातलंस? तेच्या आधी घटकाभर तिची मशीन चालत नव्हती, आणि चूक तिचीच होती. भियालंस नाय?"

पलीकडे इजामाय कुणाच्या तरी इंजिनाला शिव्या देत होती. सगुणने तिकडे एकदा बघितलं.

"तू तिच्या कानाक लागलंलंस ना," तो म्हणाला. "काय सांगी होतंस ता माका आयकाक इला नाय. पण तुका वळाखतंय. गुपचूप कर म्हणान सांगलं असतलंस."

मी स्टोला पंप मारू लागलो.

"तिना तसा केल्यान असता," सगुण म्हणाला, "तर माका मशीन चालू झालेली दिसली असती. पण आतमदी आनी खंय काय खरवडूचा रवलाहा, ता माका कसा कळला असता? मगे मिया खाली गेलंय नसतंय."

त्याने बशी तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली आणि मला म्हणाला, "आनी एक चाय कर. तिका नेवन दे. साखर जास्त घाल, हात कापता तिचो अजून."